‘डावे’ आणि ‘उजवे’ : एका रूपकाची मीमांसा

१

एखाद्या वैचारिक ग्रंथाची किंवा साहित्यकृतीची चर्चा सुरू होण्यापूर्वीच लेखकाची बाजू विचारून घेण्याची प्रथा मराठी वैचारिक व्यवहारात चांगलीच रुळली आहे. लेखक डावा की उजवा एवढे कळले, की पुढचे बरेचसे वाचण्याची गरज उरत नाही, ही त्या प्रथेची सोय. ज्यांना ही सोय मानवत नाही त्यांची स्थिती मात्र अवघड होते. शेतमालाच्या बाजारावर सरकारी बंधने नसावीत असे म्हणणारा, जातिव्यवस्थेचा कडवा विरोधक असणारा, आविष्कारस्वातंत्र्यावर कोणत्याच सत्तेचा अधिकार न मानणारा आणि तरीही वारकरी परंपरेशी आपले नाते सांगणारा माणूस चार प्रश्नांना चार उत्तरे देतो आणि चार ठिकाणी वेगवेगळ्या शिक्क्यांचा धनी होतो. त्याने खुलासा करू पाहिला तर तो ‘काठावरचा’ ठरतो. गप्प राहिला तर त्याच्या मौनालाही बाजू चिकटवली जाते.

अशा माणसाचा वैताग हे सामान्यतः वैचारिक आळसाचे किंवा भित्रेपणाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः त्या वैतागाला ज्ञानात्मक मूल्य आहे. एखादी संज्ञा पुनःपुन्हा अपुरी पडते तेव्हा दोष ती ज्याला लावली गेली त्याच्यात आहे की संज्ञेच्या घडणीत, याचा शोध घेणे समीक्षेला टाळता येत नाही. ‘वास्तव सरळ नसते, म्हणून संज्ञा अपुऱ्या पडतात’ हे नेहमीचे उत्तर येथे पुरेसे नाही, कारण ते प्रत्येक संज्ञेविषयी देता येते. ‘डावे-उजवे’ या जोडीचे दुखणे अधिक नेमके आहे. ही जोडी मुळात एका विशिष्ट प्रश्नाच्या दोन उत्तरांची होती. प्रवासात प्रश्न गळून पडला आणि उत्तरांची नावे तेवढी उरली. प्रश्नावाचून उरलेले उत्तर मग माणसाचा स्वभावधर्म समजले जाऊ लागले. या जोडीची मराठीतील वाटचाल पाहिली, तर हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याने राजकीय विचाराचे व वाङ्मयीन समीक्षेचे कोणते नुकसान केले, हे स्पष्ट होऊ शकते.

२

या रूपकाचा उगम सर्वपरिचित आहे. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नसावा, हा वाद रंगला. राजसत्तेचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि विरोधक डाव्या हाताला. म्हणजे या बैठकीला तीन गोष्टी आवश्यक होत्या : एक सभागृह, एक अध्यक्षस्थान आणि एक प्रश्न. अध्यक्षांच्या खुर्चीवरून पाहिले तरच डावे-उजवे ठरते. समोरच्या बाकावरून पाहणाऱ्याला ते उलटे दिसणार, हे या रूपकातच अध्याहृत आहे.

प्रश्न बदलला की जागा बदलते, हे त्याच क्रांतीने दोनतीन वर्षांत दाखवून दिले. १७९१ च्या विधिमंडळात जिराँदिस्त गट डावीकडे होता. १७९२ च्या कन्व्हेन्शनमध्ये तोच गट उजवीकडे आला. त्यांनी प्रजासत्ताकाचा त्याग केला होता असे नाही. राजाच्या अधिकाराचा प्रश्न मागे पडून क्रांतीचा वेग आणि पॅरिसच्या जनसमूहाचे वर्चस्व हा प्रश्न पुढे आला होता, आणि त्या प्रश्नावर त्यांच्या डावीकडे दुसरे कोणी बसले होते. खुल्या व्यापाराचा प्रवक्ता बास्तिआ हाही १८४८ नंतरच्या फ्रेंच सभेत डावीकडे बसत असे. बाजारपेठेचे समर्थन आणि उजवेपण यांचे आज स्वयंसिद्ध वाटणारे नाते किती अलीकडचे आहे, हे एवढ्या एका तपशिलावरून ध्यानात यावे.

३

मराठीत आल्यावर या रूपकाला आणखी एक गोष्ट भेटली. ती म्हणजे मराठीतील डाव्या-उजव्याची स्वतःची, फ्रेंच राज्यक्रांतीहून कितीतरी जुनी अर्थव्यवस्था. हिंदी आणि बंगालीने राजकीय अर्थासाठी ‘वामपंथी’ हा संस्कृतोद्भव शब्द स्वीकारला. मराठीने मात्र घरातलेच शब्द कामाला लावले, आणि घरातले शब्द कधीच मोकळ्या हाताने येत नाहीत. मराठीत एक वस्तू दुसरीहून ‘उजवी’ असते, म्हणजे सरस असते. मुलगी ‘उजवतात’, अपत्य झाले की कूस ‘उजवते’. उलट माणसाला ‘डावलले’ जाते, वाईट चालीचा मनुष्य ‘वाममार्गाला’ लागतो, आणि पक्षपात करणाऱ्याला ‘डावे-उजवे करू नकोस’ असे बजावले जाते. रोबेर हेर्त्झ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर लिहिलेल्या निबंधात हा भेद शरीररचनेपेक्षा पवित्र-अपवित्राच्या सामाजिक विभागणीत मुरलेला असल्याचे दाखवले होते. मराठी भाषा त्याला उदाहरणांचा तोटा पडू देणार नाही. तमिळ प्रदेशात तर ‘वलंगै’ आणि ‘इडंगै’, म्हणजे उजव्या आणि डाव्या हाताच्या जाती, अशी विभागणीच शतकानुशतके नांदली आणि मिरवणुकीच्या वाटेवरून, मानपानावरून तिच्यात तंटे झाले.

याचा परिणाम असा, की मराठीत ‘उजवा’ हा शब्द कानाला सरसतेची आणि ‘डावा’ हा न्यूनत्वाची सूचना देतो. पुरोगामी वर्तुळात मात्र नेमके हेच उलटते. जो डावलला गेला त्याची बाजू ती डावी, असा एक नैतिक ध्वनी त्या शब्दाला प्राप्त होतो आणि तो अभिमानाने मिरवला जातो. ‘उजवा’ हे विशेषण मात्र मराठी लेखक स्वतःला क्वचितच लावून घेतो. ते बहुधा दुसऱ्याने दिलेले असते. वर्णनासाठी आणलेली जोडी अशा रीतीने स्तुती आणि निंदा यांची जोडी बनते. ज्या संज्ञेतील एक पद स्वतः घेतले जाते आणि दुसरे फक्त लादले जाते, ती संज्ञा वर्गीकरणाचे काम निर्दोषपणे करील अशी अपेक्षा व्यर्थ होय.

परंपरेतील हे शब्द स्थिर आहेत असेही समजू नये. ‘सव्य’ हा शब्द पाहावा. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ डावा. डाव्या हातानेही बाण सोडू शकणारा अर्जुन म्हणून ‘सव्यसाची’. पुढे त्याच शब्दाला उजवा असा अर्थही आला आणि मराठीत तोच रूढ झाला. शब्दाने बाजू बदलली, आणि तो कोणत्या बाजूचा हे संदर्भ पाहिल्यावाचून सांगता येईनासे झाले. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची पद्धत याहून बोलकी आहे. मूर्तीला लावलेले फूल किंवा पाकळी उजवीकडून पडली तर उजवा कौल, डावीकडून पडली तर डावा. पण त्याआधी गाऱ्हाणे घालावे लागते आणि काय विचारायचे ते स्पष्ट शब्दांत मांडावे लागते. गाऱ्हाण्यावाचून पडलेल्या पाकळीला कोणी कौल म्हणत नाही. देवळातील गुरव जी शिस्त पाळतो ती राजकीय परिभाषेत पाळली गेली नाही, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा आहे.

४

ही शिस्त मराठी वैचारिक परंपरेला अपरिचित होती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी महाराष्ट्राने आपल्या मतभेदांसाठी ज्या जोड्या घडवल्या त्यांत प्रश्न शब्दातच गोवलेला होता. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही उत्तरे सरकारशी कोणत्या रीतीने वागावे, या प्रश्नाची. ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ ही सामाजिक रूढींविषयीची. ‘ब्राह्मण’ आणि ‘ब्राह्मणेतर’ या जोडीत धर्माचा, विद्येचा आणि नोकरशाहीचा अधिकार कोणाच्या हाती, हा प्रश्न होता. या जोड्या एकमेकींना छेदत असत आणि त्या छेदण्याचे कोणाला आश्चर्य वाटत नसे. न्यायमूर्ती रानडे सुधारक आणि मवाळ. टिळक जहाल, पण संमतिवयाच्या विधेयकाला १८९१ मध्ये विरोध करणारे आणि वेदोक्त प्रकरणात शाहू छत्रपतींच्या विरुद्ध उभे राहणारे. आगरकर सामाजिक प्रश्नावर रानड्यांहून प्रखर. फुल्यांचे स्थान तर या दोन्ही जोड्यांच्या बाहेर जाऊन तिसरीची मागणी करणारे.

आता या सर्वांना डाव्या-उजव्याच्या एका रेषेवर बसवून पाहावे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिनने त्याच वर्षीच्या एका लेखात या घटनेचे स्वागत करून हिंदी कामगारवर्ग राजकीय लढ्यास पुरेसा परिपक्व झाल्याचा निष्कर्ष काढला. या एका तपशिलाच्या बळावर टिळक डावे ठरतात. संमतिवय आणि वेदोक्त यांच्या बळावर तेच उजवे ठरतात. मग चरित्रकारांना ‘अंतर्विरोध’ सापडतो आणि तो सोडवण्यासाठी ग्रंथ लिहिले जातात. वास्तविक टिळकांच्या व्यक्तिमत्त्वात अंतर्विरोध असेल-नसेल; हा विशिष्ट अंतर्विरोध मात्र परिभाषेने निर्माण केलेला आहे. दोन जोड्यांची एक जोडी केली, की दोन स्वतंत्र उत्तरे एकाच उत्तराचा गोंधळ म्हणून दिसू लागतात. ‘जहाल सनातनी’ या वर्णनात काहीही कोडे नाही.

फुल्यांच्या बाबतीत हानी अधिक खोल आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण करणारा आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या दैन्याची नोकरशाहीपर्यंत जाणारी मीमांसा करणारा हा लेखक इंग्रजी राज्याकडून काही अपेक्षा बाळगतो. राष्ट्रीय सभेचा प्रश्न हाच एकमेव प्रश्न मानणाऱ्यांना त्यामुळे तो सरकारनिष्ठ वाटला. शोषणाचा प्रश्न पुढे आल्यावर तोच लेखक क्रांतिकारक ठरला. दोन्ही निर्णय देणाऱ्यांनी आपण कोणता प्रश्न विचारीत आहोत हे सांगितले असते, तर वाद पुष्कळ लवकर फलदायी झाला असता.

५

प्रश्न गाळण्याचे परिणाम किती व्यावहारिक असतात, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांत सापडते. अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, प्रवेश नव्हता. तेथे मजुरी अधिक होती. कारण असे सांगितले जाई, की धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो आणि स्पर्श झालेल्या धाग्याला ओठ लावण्यास सवर्ण कामगार तयार नसतात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला. लाल बावट्याच्या नेतृत्वाला तो गैरसोयीचा होता, कारण मालक आणि मजूर या एका प्रश्नावर उभारलेली एकजूट त्याने विस्कटण्याचा संभव होता. आंबेडकरांचे म्हणणे असे होते, की ही एकजूट आधीच विस्कटलेली आहे. ती विस्कटलेली दिसत नाही, कारण तो प्रश्न विचारलेला नाही.

या प्रसंगी कोण डावे आणि कोण उजवे? मालक-मजूर या प्रश्नावर संपाचे नेते निःसंशय डावीकडे होते. मजुरांमधील उच्चनीचतेच्या प्रश्नावर त्यांची जागा तशीच होती असे म्हणता येत नाही. आंबेडकरांचा पुढील प्रवासही हेच सांगतो. १९३६ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन करतात. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप घडवतात. १९४२ मध्ये, राष्ट्रीय चळवळ ‘चले जाव’चा पुकारा करीत असताना, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होतात. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योगांची आणि शेतीची सरकारी मालकी घटनेतच नमूद करावी असे सुचवतात. आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात मार्क्सच्या मार्गापेक्षा बुद्धाचा मार्ग का श्रेयस्कर, ते सांगतात. एका रेषेवर हा प्रवास नागमोडी दिसतो. ‘ज्याला समाजाने माणूस म्हणून नाकारले त्याला प्रतिष्ठा आणि साधने कशी मिळतील?’ हा प्रश्न धरून पाहिल्यास तो विलक्षण सरळ आहे.

आंबेडकरांनंतर हा पेच दलित पँथरच्या वाट्याला आला. १९७२ मध्ये जन्मलेल्या या संघटनेच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दाच्या कक्षेत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया या सर्वांना घेतले. नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यात १९७४ मध्ये जी फूट पडली, तिचा निमित्तबिंदू हाच जाहीरनामा होता. ढाल्यांना तो कम्युनिस्ट वळणाचा वाटला. एका बाजूला मार्क्स आणि दुसऱ्या बाजूला बुद्ध अशी मांडणी होताच, जी चळवळ मुळात या दोहोंपुढे नवा प्रश्न ठेवायला निघाली होती ती जुन्या उत्तरांच्या रांगेत उभी राहिली. शरद् पाटील यांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले व आंबेडकर यांची सांगड घालणारी मांडणी केली. त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद होऊ शकतात. जात आणि वर्ग हे दोन प्रश्न आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला आपोआप मिळत नाही, ही त्यांची जाण मात्र परिभाषेच्या दुरुस्तीचा महाराष्ट्रातील एक गंभीर प्रयत्न म्हणून नोंदवावी लागते.

६

वाङ्मयीन समीक्षेत या शिक्क्यांनी केलेले नुकसान अधिक सूक्ष्म आहे, कारण तेथे बाजू लेखकाची पाहिली जाते आणि निर्णय कृतीवर दिला जातो. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. लेखकाची बाजू याहून स्पष्ट असू शकत नाही. त्यामुळे फकिराने दुष्काळात धान्य लुटणे, इंग्रजांच्या कायद्याविरुद्ध बंड करणे या घटनांतून वर्गसंघर्षाची कथा वाचली जाणे स्वाभाविक होते.

पण कादंबरीची सुरुवात वेगळ्याच ठिकाणी होते. फकिराचा बाप राणोजी शेजारच्या शिगावातून जोगणी हिरावून आणतो. जोगणी आणणे म्हणजे गावाचा मान आणणे. आणणारा एकदा आपल्या शिवेत पोहोचला, की त्याच्यावर हत्यार उगारायचे नाही, अशी रीत. राणोजी रीत पाळतो. शिगावचा खोत ती मोडून त्याला मारतो. पुढे फकिराच्या मनात धगधगत राहते ते हे शल्य. गावगाड्याच्या तळाशी ठेवलेला मांग गावाच्या मानासाठी प्राण देतो, आणि तोच गावगाडा व पुढे सरकारी कायदा त्याला माणूस म्हणून मान देत नाही. कादंबरीत विष्णुपंत कुलकर्णी आणि शंकरराव पाटील ही पात्रे मांगांच्या पाठीशी उभी राहतात. वर्गशत्रूच्या साच्यात ती बसत नाहीत. इंग्रजी कायदा जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवून रोज हजेरी लावायला सांगतो आणि शौर्य हेच ज्यांचे वतन त्यांना चोर बनवतो.

‘डाव्या’ वाचनाला ही जोगणी, हा गावाचा अभिमान आणि घराण्यात चालत आलेल्या तलवारीचा गौरव म्हणजे सरंजामी अवशेष वाटतील. लोकप्रियतेसाठी घेतलेली सूट म्हणून तो ते माफ करील. ‘उजव्या’ वाचनाला नेमके हेच घटक परंपरेचे तेज म्हणून प्रिय होतील आणि धान्याची लूट हा तपशील उरेल. दोन्ही वाचने कादंबरीचे अर्धे शरीर घेतात. ‘फकिरा’ जो प्रश्न विचारते तो असा : जो समाजाचा नियम सर्वांत निष्ठेने पाळतो त्यालाच नियमाबाहेरचा ठरवणारी व्यवस्था कोणत्या अधिकाराने टिकते? या प्रश्नात परंपरेचे पालन हेच परंपरेवरील आरोपपत्र बनते. राणोजीने रीत पाळली नसती तर खोताचा अपराध सिद्धच झाला नसता. ही रचना समजण्यासाठी लेखकाच्या पक्षसदस्यत्वाची माहिती फारशी उपयोगी पडत नाही. अर्पणपत्रिका कदाचित पडेल : कम्युनिस्ट लेखकाने ही कादंबरी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

कलावाद आणि जीवनवाद या फडके-खांडेकरकालीन द्वंद्वाची चर्चा येथे लांबवण्याचे कारण नाही. एवढे म्हणता येईल, की त्या जोडीला निदान स्वतःचा प्रश्न होता. साहित्याचे प्रयोजन काय, हे ती विचारीत असे. डाव्या-उजव्याच्या परिभाषेने तोही विचारण्याचे टाळले. नेमाड्यांच्या देशीवादाची चर्चा याच कारणाने बराच काळ अडखळत राहिली. परंपरेकडे वळणारा म्हणून तो एकीकडे प्रतिगामी ठरला. ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीतील बहुल, जातीजातींच्या व्यवहारात विखुरलेली हिंदूपणाची कल्पना दुसरीकडे हिंदुत्ववाद्यांना पचणे कठीण होते.

७

आर्थिक प्रश्नावर ही जोडी विश्वसनीय ठरते, असा एक समज आहे. शेतकरी संघटनेचे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर आहे. चाकणच्या कांदा आंदोलनातून १९७०-८० च्या दशकांच्या संधीवर उभी राहिलेली शरद जोशी यांची ही चळवळ उत्पादनखर्चावर आधारित भाव मागत होती. डाव्या अर्थतज्ज्ञांचा आक्षेप गंभीर होता : विकण्याजोगे पीक ज्याच्याकडे आहे त्यालाच वाढीव भावाचा लाभ, धान्य विकत घेणाऱ्या शेतमजुराचे काय? पुढे जोशींनी डंकेल प्रस्तावाचे आणि खुल्या व्यापाराचे समर्थन केले, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि उजवेपणावर शिक्कामोर्तब झाले. मात्र याच संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले आणि नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमात नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा असा आग्रह धरला. मालमत्तेच्या पुनर्वाटपाची ही घराच्या उंबऱ्याआतील मागणी अनेक डाव्या पक्षांच्या कार्यक्रमपत्रिकेवर तेव्हा नव्हती. मार्क्सवादाची दीर्घ साथ केलेल्या गेल ऑम्व्हेट यांना या चळवळीचे आकर्षण वाटले, यात विसंगती शोधण्यापेक्षा त्यांना दिसलेला प्रश्न शोधणे अधिक उपयुक्त.

स्वातंत्र्याच्या प्रश्नावर तर १९७५ ने ही रेषाच मोडून दाखवली. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणि शिवसेना आणीबाणीच्या बाजूने. मार्क्सवादी, समाजवादी आणि संघाचे कार्यकर्ते विरोधात, त्यांतील अनेक एकाच तुरुंगात. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध करणाऱ्या दुर्गाबाई भागवत यांची बाजू कोणती होती, असे विचारणे त्यांच्या कृतीचा अर्थच गमावणे होय.

८

एवढ्यावरून ‘डावे-उजवे काही नसते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो धोकादायक आहे. ही विभागणी नाकारणारा माणूस डावा नसतो एवढे नक्की, अशा आशयाचे मत आलँ या फ्रेंच विचारवंताने फार पूर्वी मांडले होते. झीव्ह स्टर्नहेल यांनी १९८३ मध्ये फ्रान्समधील फॅसिस्ट विचारसरणीवर लिहिलेल्या ग्रंथाचे शीर्षकच ‘ना उजवे ना डावे’ असे आहे. बाजू नसल्याचा दावा हा कित्येकदा प्रबळ बाजूचा सर्वांत सुरक्षित वेश असतो. शिक्क्यांना वैतागलेल्या माणसाने आपला वैताग या वेशापासून वेगळा राखणे अगत्याचे आहे, आणि तो राखण्याचा मार्ग प्रत्येक प्रश्नावर उत्तर स्पष्टपणे देणे हाच असू शकतो.

इटालियन तत्त्वज्ञ नोर्बेर्तो बोब्बिओ यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात ही जोडी वाचवण्याचा सर्वांत समर्थ प्रयत्न केला. त्यांच्या मते समतेकडे पाहण्याची दृष्टी हा खरा निकष : विषमता सामाजिक आहे आणि म्हणून दूर करता येते असे मानणारे डावे, ती बहुतांशी नैसर्गिक आणि अटळ मानणारे उजवे. निकष आकर्षक आहे. जातिव्यवस्थेला ईश्वरी किंवा जन्मसिद्ध मानणारा विचार त्याने नेमका ओळखला जातो, आणि त्या प्रश्नावर ‘उजवा’ हा शब्द वापरण्यास संकोच करण्याचे कारण उरत नाही. परंतु बोब्बिओ यांनाच पुढे विचारावे लागते : समता कोणाकोणांत, कोणत्या गोष्टींची आणि कोणत्या कसोटीनुसार? म्हणजे निकष चालू करताच गळलेला प्रश्न परत येतो. साचेखात्याच्या दाराशी आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न ‘कोणाकोणांत?’ हाच होता. चांदवडचा प्रश्न ‘कोणत्या गोष्टींची?’ हा होता.

तेव्हा या संज्ञा टाकून देण्याऐवजी त्यांना सापेक्ष संज्ञांची शिस्त लावणे इष्ट. ‘उंच’ म्हणताना कशाहून उंच, हे सांगावे लागते. ‘डावा’ म्हणताना कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या काळी, हे सांगणे तितकेच बंधनकारक मानले जावे. ‘१८९१ च्या सामाजिक प्रश्नावर उजवा, १९०८ च्या राजकीय प्रश्नावर डावा’ हे विधान लांबलचक आहे, परंतु ते तपासता येते, खोडून काढता येते. ‘उजवा’ हे एकपदी विधान खोडता येत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. समीक्षेपुरते बोलायचे तर आणखी एक बंधन आवश्यक ठरते : बाजू लेखकाच्या सदस्यत्वावरून न ठरवता कृतीने उभ्या केलेल्या प्रश्नावरून ठरवावी, आणि कृती एकाहून अधिक प्रश्न उभे करीत असेल तर तिला एकाहून अधिक बाजू असू द्याव्यात.

या शिस्तीची किंमत आहे. तिने वाद मंदावतील, सभेत टाळ्या मिळवणारी वाक्ये कमी होतील आणि शत्रू ओळखण्याचे काम अवघड होईल. महाराष्ट्राला मात्र ही शिस्त परकी नाही. ज्या समाजाने जहाल सुधारक आणि जहाल सनातनी यांत भेद करण्याइतके शब्द एके काळी घडवले होते, त्याने आपल्या आजच्या मतभेदांसाठी केवळ दोन हातांची नावे पुरेशी मानावीत, ही भाषेची उणीव म्हणता येणार नाही. प्रश्न मांडण्याचे कष्ट टाळल्याचा तो परिणाम आहे.